फॉरमॅट मारण्याआधी

आषाढीची वारी करून मामा सांगलीला परतले आणि तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्यांचा मला फोन आला. त्यांचे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, मार्चनंतर पतसंस्थांचे अहवाल आणि आषाढ-श्रावणात गणेश मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके व स्मरणिका, असा त्यांच्या कामाचा वर्षाचा क्रम ठरलेला आहे. "मशीन चालू होत नाही रे," एवढेच ते म्हणाले आणि पुढे काही क्षण काहीच बोलले नाहीत. त्या मशीनमध्ये पंधरा वर्षांचे काम होते आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

"चालू होत नाही" या शब्दांत निदान चार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात, आणि फायलींचे काय होणार हे त्यांतले नेमके कोणते आहे यावर अवलंबून असते. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर असतो: प्लग, बटणाची वायर किंवा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा रॅम सैल झालेली असते किंवा तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढलेला असतो. खोडरबराने त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसण्याचा उपाय हास्यास्पद वाटतो, परंतु तो अनेकदा लागू पडतो. या दोन्ही प्रकारांत हार्ड डिस्कला सहसा धक्का लागलेला नसतो. तिसऱ्या प्रकारात काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस (ज्यावरून मशीन सुरू होते ती डिस्क) सापडत नसल्याचा संदेश येतो, म्हणजे मदरबोर्डला, मशीनच्या मुख्य बोर्डाला, डिस्क दिसत नाही किंवा दिसलेल्या डिस्कवर सुरू होण्याजोगे काही सापडत नाही. चौथ्या प्रकारात विंडोजचा लोगो येतो, खालची टिंबे गोल फिरतात आणि मग निळा पडदा येऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मामांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत निळ्या पडद्यावर तो रडवेला चेहरा होता आणि त्याखाली 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द होते. चौथा प्रकार. विंडोज उठते आहे, पण आपल्याच डिस्कपर्यंत तिचा हात पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने येऊन मशीन पाहिले आणि "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, तासाभरात देतो, डी ड्राइव्हला हात लागणार नाही," असे सांगितले. त्याचे बोलणे खोटे नव्हते, अशा फॉरमॅटमध्ये फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो. फक्त मामांचे काम डी ड्राइव्हमध्ये नव्हतेच. ते सगळे डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरातलेच एक फोल्डर, ही गोष्ट वर्षानुवर्षे संगणकावर काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. पडद्यावर समोर दिसते म्हणून डेस्कटॉप ही काही निराळीच, सुरक्षित जागा असावी असे त्यांना वाटते. सुदैवाने मामांनी त्याला थांबवून मला पुन्हा फोन केला.

मी त्यांना सांगितले की शनिवारी मी येईपर्यंत मशीन चालू करून पाहू नका, पडद्यावर दुरुस्तीचा कोणताही पर्याय आला तरी होकार देऊ नका, आणि 'रीसेट धिस पीसी' या पर्यायाला तर हातही लावू नका. त्या पर्यायात 'कीप माय फाइल्स' असे आश्वासन असते हे खरे, आणि ते पाळलेही जाते, परंतु त्यात बसवलेली सॉफ्टवेअरे काढून टाकली जातात. मामांचे सारे दुकान पाने मांडायचे पेजमेकर ७ हे सॉफ्टवेअर आणि डोंगल (परवान्याची किल्ली) लावून चालणारे मराठी अक्षरांचे एक जुने पॅकेज यांवर चालते. ती पुन्हा बसवायच्या सीडी कोणत्या खोक्यात आहेत हे त्यांनाही आठवत नव्हते, आणि सापडल्या असत्या तरी सीडी वाचणारा ड्राइव्ह केव्हाच बंद पडला होता. फायली राहिल्या आणि त्या उघडणारे साधन गेले, तर पावतीपुस्तके छापायची कशावर?

थांबा म्हणून सांगण्यामागे माझा स्वतःचा एक जुना धडा होता. २०१३ साली माझ्या लॅपटॉपची डिस्क अधूनमधून टक् टक् आवाज करू लागली आणि एके दिवशी विंडोज सुरू होईना. दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत चेक डिस्कची आज्ञा देऊन, खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधण्याचा पर्यायही जोडून, मी निवांत झोपी गेलो. सकाळी लॅपटॉप सुरू झाला, पण फोटोंची फोल्डरे अर्धी रिकामी होती आणि 'फाउंड' नावाच्या एका नव्या फोल्डरात सीएचके हे शेपूट लावलेले हजारो तुकडे पडले होते. त्यांना नाव नव्हते आणि तारीखही नव्हती. चेक डिस्कचे काम फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवणे हे आहे. तुमच्या फायली वाचवण्याची जबाबदारी तिने घेतलेली नसते. जी नोंद जुळत नाही ती ती खोडते, जो तुकडा बेवारस दिसतो तो बाजूला टाकते, आणि हे सारे ती त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिते. वाड्याची भिंत कलली असताना आतले सामान बाहेर काढायचे सोडून मी गिलावा करायला घेतला होता. तेव्हापासून मशीन सुरू करणे आणि फायली वाचवणे ही मी दोन स्वतंत्र कामे मानतो, आणि दुसरे संपल्याखेरीज पहिल्याला हात लावत नाही.

शनिवारी सकाळी दुकानात पोहोचलो तेव्हा माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. एक होता लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली, चढवलेला पेन ड्राइव्ह आणि दुसरी एक टीबीची बाहेरून जोडायची डिस्क. असा पेन ड्राइव्ह तयार करायला विंडोजवर चालणारा दुसरा कोणताही चालू संगणक, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि रुफस नावाचे फुकट मिळणारे छोटे सॉफ्टवेअर एवढे पुरते. त्यात चढवताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते. मशीन सुरू करताना एफ १२, एफ ११ किंवा एफ ८ यांपैकी त्या बोर्डाची जी कळ असेल ती दाबली की कशावरून सुरू व्हायचे हे विचारणारी यादी येते आणि तीत पेन ड्राइव्ह निवडला की लिनक्स थेट रॅममध्ये चालू होते. डिस्कवर ते काहीही बसवत नाही, फक्त पडद्यावर 'इन्स्टॉल'चे जे चिन्ह दिसते त्यावर क्लिक करायचे नाही. मामांना मी हे तीनदा सांगितले, कारण ते माउस हातात धरून शेजारीच बसले होते.

कॅबिनेटला कान लावून मी आधी डिस्कचा आवाज ऐकला. एकसारखी घरघर होती आणि टक् टक् नव्हती. मग मिंटमधल्या 'डिस्क्स' या सोयीतून तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडली. या नोंदीत पुष्कळ ओळी असतात, पण मी दोनच पाहतो: बदली दिलेल्या सेक्टरांची संख्या आणि वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची संख्या. दोन्ही ठिकाणी शून्य होते. ताटकळणाऱ्यांचा आकडा मोठा असता तर मी एकही फोल्डर उघडले नसते आणि डीडीरेस्क्यू वापरून संपूर्ण डिस्कची प्रतिमाच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली असती. ते सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारी जागा सोडून पुढे जाते, कुठे काय राहिले याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवते आणि मग त्या राहिलेल्या जागांकडे परत वळते. मध्येच वीज गेली तरी तो नकाशा पाहून ते जिथे थांबले तिथून पुढे सुरू करता येते. सांगलीत काय किंवा कुठेही काय, ही सोय महत्त्वाची आहे. आणि डिस्क जर खरोखरच टक् टक् करत असेल, तर घरी काहीच करू नये. प्रत्येक वेळी चालू केल्याने वाचणाऱ्या सुया तबकडीला अधिक खरवडतात, म्हणून ती बंद करून डाटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्यावी आणि खर्च विचारून मग निर्णय घ्यावा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही कोणीतरी देतोच. तो ऐकू नये, कारण आत दव धरते.

मामांची डिस्क मी फक्त वाचण्यापुरती जोडली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर 'शट डाउन' केले तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते, आणि अशा वेळी लिनक्स त्या डिस्कवर लिहायला आपणहूनच नकार देते. त्या नकारावर जबरदस्ती करण्याच्या आज्ञा इंटरनेटवर मिळतात. नुसती नक्कल करायची असेल तर त्यांची काहीच गरज नाही.

मग फोल्डरे उघडत गेली. 'गणपती २०१६', 'गणपती नवीन', 'गणपती फायनल', 'फायनल फायनल'. मामा खुर्चीवर मागे टेकले आणि त्यांनी पहिल्यांदा चहा सांगितला.

नक्कल करताना काय काय घ्यायचे, हा भाग बहुतेकजण घाईत चुकतात. पेजमेकरच्या फायली तेवढ्या उचलून भागत नाही, कारण पानावरचे मोठे फोटो त्या फायलीत नसतात, ते ज्या फोल्डरात आहेत त्याचा फक्त पत्ता फायलीत असतो. म्हणून फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी उचलावी लागते. त्याहून मोठी गोष्ट अक्षरांची. मामांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. त्यांत मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला आहे आणि त्या विशिष्ट फाँटमुळेच तो मराठी दिसतो. फाँट नसेल तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असूनही ती वाचता येत नाही. म्हणून विंडोज फोल्डरातले 'फाँट्स' हे फोल्डर मी संपूर्ण उचलले. शिवाय विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत एखाद्याने स्वतःपुरता बसवलेला फाँट त्याच्या नावाच्या फोल्डरातल्या, एरवी लपलेल्या 'ॲपडाटा'मध्ये जातो, तोही शोधून घेतला. क्रोमसारख्या ब्राउझरमधले पासवर्ड मात्र असे नुसती फोल्डरे उचलून मिळत नाहीत. ते त्या विंडोजच्या खात्याशी कुलूपबंद केलेले असतात, आणि हे मामांना आधीच सांगून टाकले.

एकूण भरले २१२ जीबी. मशीन जुने, यूएसबीची दारेही जुन्या पिढीची, त्यामुळे नक्कल व्हायला दोन तासांहून अधिक वेळ लागणार होता. हिरवी पट्टी सरकताना पाहत बसलो असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात माझे लक्ष गेले. तिथे तारीख होती ४ जानेवारी २०११.

"मामा, बुधवारी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडद्यावर काही आलं होतं का?"

"काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी होतं. खाली एफ वन दाबा म्हणत होतं. दाबलं."

"आणि वारीला जाताना मशीनचं काय केलं होतं?"

"मेन स्विच पाडून गेलो. पावसाळ्यात विजा होतात, वायरिंग जुनं आहे."

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर २०३२. मशीनचे घड्याळ आणि बायॉसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी जागे होणाऱ्या बोर्डावरच्या प्रणालीतली, मांडणी लक्षात ठेवण्याचे काम त्याच्यावर असते. परंतु मशीन बंद असले तरी जोवर प्लगमध्ये वीज आहे, तोवर एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देतच राहतो आणि सेलला फारसे काम पडत नाही. मामांचा यूपीएस वर्षानुवर्षे चालूच असे. सेल कधी संपला हे कोणालाच कळले नाही, कारण त्याची गरजच पडली नव्हती. वारीच्या तीन आठवड्यांत मेन स्विच बंद राहिला आणि बोर्ड सारे विसरला. बुधवारी त्याने विचारले, मामांनी एफ १ दाबली आणि बोर्डाने कारखान्यातली मूळ मांडणी लावून १ जानेवारी २०११ पासून दिवस मोजायला सुरुवात केली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार: चार तारीख बरोबर होती.

त्या मूळ मांडणीत साटा जोडणीच्या डिस्कशी बोलण्याची पद्धत आयडीई होती. मशीनवर विंडोज बसवली तेव्हा ती एएचसीआय या पद्धतीवर बसवलेली होती. विंडोज सुरू होताना डिस्क वाचण्यासाठी जो ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर) लागतो असे तिला ठाऊक असते तोच ती आधी उचलते. पद्धत बदललेली दिसली की तो ड्रायव्हर कामाचा राहत नाही, आणि ज्या डिस्कवरून ती अर्धी उठली तीच तिला दिसेनाशी होते. लिनक्सकडे दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर तयार असल्याने तिला ती डिस्क बिनतक्रार दिसत होती. डिस्क धडधाकट, केबल धडधाकट, विंडोजही धडधाकट, आणि तरी मशीन चालू होत नव्हते.

नक्कल पूर्ण झाल्यावर बाहेरची डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून मी पाचसहा फायली उघडून पाहिल्या, कारण नक्कल झाली म्हणजे ती उघडते असे गृहीत धरण्याची चूकही मी पूर्वी केलेली आहे. त्यानंतरच प्लग काढला, कॅबिनेट उघडले आणि घड्याळाच्या दुकानातून आणलेला चाळीस रुपयांचा सेल बसवला. बायॉसमध्ये जाऊन तारीख भरली, साटाची पद्धत एएचसीआय केली आणि बदल जपून बाहेर पडलो. टिंबे गोल फिरली, थोडी जास्तच फिरली, आणि डेस्कटॉपवर पंढरीच्या विठोबाचा फोटो आला. दहा मिनिटांचे काम. तारीख भरायला विसरलो असतो तर मशीन सुरू झाले असते, पण सुरक्षित वेबसाइटी २०११ साल पाहून उघडायला नकार देत बसल्या असत्या.

यातली गंमत अशी की फॉरमॅट मारला असता तरी मशीन चालू झालेच असते. नवीन विंडोज आयडीई पद्धतीवरच बसली असती, डेस्कटॉप रिकामा झाला असता, दुरुस्तीवाल्याने प्रामाणिकपणे पैसे घेतले असते आणि "विंडोज करप्ट झाली होती" हे निदान सर्वांना पटले असते. मेलेला सेल आत तसाच राहिला असता. पुढच्या वारीनंतर एफ १ दाबल्यावर मशीन निमूट सुरूही झाले असते, कारण आता मूळ मांडणी आणि विंडोज यांचे जुळले असते. चुकीच्या उपायाने रोग बरा झालेला दिसणे याइतके फसवे दुसरे काही नसते. फॉरमॅट हा वाईट उपाय आहे असे माझे म्हणणे नाही. तो शेवटचा आहे, आणि आपल्याकडे तो पहिला केला जातो, एवढीच तक्रार आहे.

हेच मशीन नव्या काळातला लॅपटॉप असता तर माझा शनिवार इतका सुखाचा गेला नसता. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले तरी तिथे फोल्डरांऐवजी कुलूप दिसते. शिवाय बायॉसमध्ये काही बदल केला की विंडोजच ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते आणि मोबाइलवरून प्रवेश करून वाचता येते, पण त्यासाठी लॅपटॉप घेताना दुकानदाराने कोणते ईमेल टाकले होते हे आठवावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीने निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसला. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा. पण असंख्य ठिकाणी तिथवर पोहोचण्याआधी ते ४८ अंक शोधावे लागले. त्याही दिवशी त्या मशीनांमधल्या फायली जागच्या जागी होत्या.

पेन ड्राइव्ह तयार करायला दुसरा संगणकच हाताशी नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती मला फार आवडते. विंडोज लागोपाठ दोनतीनदा सुरू होण्यात अपयशी ठरली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात 'ट्रबलशूट'मधून पुढे जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि 'नोटपॅड' असे टाइप करावे. साधे नोटपॅड उघडते. त्यातल्या 'फाइल', 'ओपन'मध्ये जाऊन खाली 'ऑल फाइल्स' निवडले की त्या छोट्या खिडकीत सगळ्या डिस्क दिसू लागतात, आणि हवे ते फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येते. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, आणि ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणजे आपला सी तिथे डी म्हणून भेटतो. धीर धरून बसले तर काम होते. आणि हे काहीच जमण्यासारखे नसेल, पण डिस्क निरोगी असेल, तर ती काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला लावणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

संध्याकाळी निघताना मी मामांना म्हणालो की बाहेरची डिस्क इथेच ठेवतो, दर पंधरवड्याला तिच्यावर नक्कल करत चला. तारखा लक्षात राहणार नाहीत, असे ते म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "एकादशीला करतो. त्या दिवशी तसंही स्वयंपाकाची गडबड नसते." कामिका एकादशीला रात्री त्यांचा एका शब्दाचा संदेश आला, "झाली." डिस्क त्यांनी देवघराच्या खणात, माळेच्या डबीशेजारी ठेवली आहे. मशीनला लावलेली ठेवू नका, हे मी सांगायला विसरलो होतो.